तीन वाळवंटी शहरे आणि एक कचोरी चौघांत

साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाने पाठीवर सॅक अडकवून प्रवासाला निघावे, ही कल्पना आपल्या घरांत अजूनही चेष्टेचा विषय होते. ‘हे काय पाठीवर ओझे वाहण्याचे वय आहे?’ असे म्हणत मुले चाकांची मोठी बॅग आणून देतात. वाचकहो, थरच्या वाळवंटातील जुन्या शहरांपुरते तरी हे मत आपण बाजूला ठेवावे, असे मी सुचवतो. जोधपूरच्या घंटाघरामागील बोळांत किंवा जैसलमेरच्या किल्ल्याच्या चढावर बॅगेची चाके पाच पावलेही सुखाने फिरत नाहीत. घासून गुळगुळीत झालेली फरसबंदी, मध्येच उंबरा, मध्येच उघडी मोरी, मध्येच निवांत बसलेली गाय. बॅग उचलावी लागली की एक हात तिच्यात अडकतो आणि शरीराचा तोल एका बाजूला जातो. उतारवयात पडणे हे खुब्याच्या हाडाशी आणि पुढच्या कित्येक महिन्यांशी निगडित असते. पाठीवरच्या सॅकमुळे दोन्ही हात मोकळे राहतात. एक काठीला, दुसरा भिंतीला किंवा सोबत्याच्या खांद्याला.

वजन किती घ्यावे, याला कोष्टक नको. सॅक भरावी, दोन्ही पट्टे खांद्यांवर घ्यावे आणि घराचा जिना एकदा चढून उतरावा. धाप लागली किंवा पुढे वाकावे लागले, तर एक स्वेटर सोडून बाकीचे पुन्हा कपाटात ठेवावे. ज्यांच्या मणक्याची हाडे ठिसूळ झाली आहेत किंवा मणका दबला आहे, त्यांनी मात्र सॅक सोबत्याकडेच द्यावी. औषधे दोन ठिकाणी विभागून ठेवावीत: निम्मी सॅकमध्ये, निम्मी सोबत्याजवळ.

प्रवासाचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. इतर महिन्यांचा विचारही करू नये. जोधपूरहून जैसलमेरला जाणारी रेल्वे फलोदी नावाच्या गावावरून जाते. १९ मे २०१६ रोजी तेथे ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. हिवाळ्यात मात्र तोच प्रदेश दुपारी कोवळ्या उन्हाचा आणि रात्री दोन रजयांचा असतो. मुंबईहून सूर्यनगरी एक्स्प्रेस रात्रभर धावून जोधपूरला पोचते. तेथून जैसलमेर पाच-सहा तासांवर, आणि जैसलमेरहून बिकानेर सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. आरक्षण करताना खालच्या बर्थचा ज्येष्ठांसाठीचा कोटा आठवणीने निवडावा.

आता पाण्याविषयी. खाण्याच्या आधी पाण्याचे बोलतो, कारण या प्रदेशात वयस्कर पाहुण्याला त्रास होतो तो बहुधा कचोरीने नव्हे, तर पाणी कमी पडल्याने. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची शक्तीही कमी होते. त्यात वाळवंटाची हवा इतकी कोरडी की घाम आल्याचे कळतच नाही. तो आल्या आल्या वाळतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिनसारखी साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी गोळी चालू असेल, तर शरीरातील पाणी अधिकच वेगाने कमी होते. थंडी आहे म्हणून आपण पाणी पीत नाही आणि तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते.

परंतु ज्येष्ठ मंडळी प्रवासात पाणी टाळतात त्याचे खरे कारण तहान नसणे हे नसते. स्वच्छतागृह कोठे मिळेल, ही धास्ती असते. प्रोस्टेटचा त्रास असलेले आजोबा आणि लघवी फार वेळ न धरवणाऱ्या आजी हे कोणाला बोलून दाखवत नाहीत. मुकाट्याने घोट कमी करतात. सोबत असणाऱ्यांनी ‘पाणी प्या, पाणी प्या’ असा घोशा लावण्याऐवजी दिवसाची आखणीच स्वच्छतागृहांच्या हिशेबाने करावी. राहण्याची जागा बाजारापासून दहा मिनिटांच्या अंतरावर घ्यावी, किल्ल्याचे संग्रहालय पाहायला जाताना तेथील सोय आधी विचारून घ्यावी, दोन तासांहून लांब फेरफटका काढू नये. एवढे झाले की पाणी आपोआप प्यायले जाते. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आहे, त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून वाळवंटापुरता नवा आकडा घ्यावा. त्याच भेटीत आणखी एक प्रश्न विचारावा आणि उत्तर कागदावर लिहून घ्यावे: जुलाब-उलट्या लागल्या, तर माझ्या कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या? परक्या गावात मध्यरात्री हा कागद फार उपयोगी पडतो. जलसंजीवनीची पाकिटे सॅकच्या वरच्या कप्प्यात असावीत. लघवी गडद पिवळी होणे, जीभ कोरडी पडणे ही ओळखीची लक्षणे आहेत. पण म्हाताऱ्या माणसात पाणी कमी पडल्याची पहिली खूण कधी कधी बोलण्यातला गोंधळ किंवा अवेळी येणारी गुंगी हीच असते, हे घरच्यांनी लक्षात ठेवावे.

जोधपूर १४५९ मध्ये राव जोधा यांनी वसवले. मेहरानगडाचा कडा शहराच्या डोक्यावर सुमारे चारशे फूट उभा आहे, आणि वर जाण्यास लिफ्टची सोय आहे. ती घेण्यात कमीपणा मानू नये. खाली घंटाघर आणि सरदार मार्केट. सकाळी आठ-नऊच्या सुमारास येथे कढया तापतात आणि प्याज कचोरीचा बडीशेप-धण्यांचा वास गल्लीभर पसरतो.

ही कचोरी अशी का, हे पाहिले म्हणजे तिच्याशी वागावे कसे तेही कळते. ज्या प्रदेशात पाणी जपून वापरायचे, तेथे स्वयंपाकही पाण्यावाचून उभा राहिला. पीठ भिजवताना पाण्याऐवजी तुपा-तेलाचे भरपूर मोहन, पालेभाजीऐवजी डाळी आणि बेसन, रश्श्याऐवजी तळण. मंद आचेवर बराच वेळ तळलेल्या पदार्थातील ओलावा निघून जातो आणि तो टिकतो. उंटांच्या तांड्यांबरोबर आठवडे-आठवडे फिरणाऱ्या व्यापाऱ्यांना असेच अन्न हवे होते. आज तिन्ही शहरांना इंदिरा गांधी कालव्याचे पाणी मिळते, तांडेही राहिले नाहीत. चव मात्र तांड्याच्या काळातलीच राहिली. दिवसभर उंटामागे चालणाऱ्या माणसाचे हे अन्न आहे, आणि आपण गाडीतून उतरून थेट दुकानासमोर उभे राहतो. तेव्हा परिमाण बदलायला हवे. माझ्या मते एक कचोरी चौघांत हे योग्य माप आहे. दोघेच असाल तर उरलेली अर्धी शेजारी उभ्या असलेल्याला द्यावी. मारवाडात अशा देण्याला कोणी नाही म्हणत नाही.

कढईतून नुकतीच निघालेली गरम कचोरी ही तिच्याबरोबरच्या चटणीपेक्षा पोटाला अधिक सुरक्षित असते, ही गोष्ट अनेकांना उलटी वाटते. उकळत्या तेलात जंतू टिकत नाहीत. धोका असतो तो सकाळपासून उघड्या भांड्यात ठेवलेल्या पातळ चटणीत, तिच्यातील पाण्यात आणि पाण्याच्या बादलीत बुडवून काढलेल्या ताटलीत. म्हणून कचोरी कागदावर घ्यावी, चटणी नको म्हणावे. तेलाकडेही पाहावे. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात अपायकारक घटक साठतात. असे ‘ध्रुवीय’ घटक पंचवीस टक्क्यांहून अधिक झाले की ते तेल वापरू नये, असा आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. आपल्याजवळ मोजण्याचे यंत्र नाही, पण डोळे आणि नाक आहे. तेल काळपट, फेसाळ आणि धूर सोडणारे असेल, तर पुढच्या दुकानाकडे वळावे. सकाळचा पहिला घाणा म्हणूनच बरा.

जोधपूरचा मिरचीवडा पाहून आपल्या भज्यांची आठवण होईल. जाड, फिकट हिरवी, फारशी तिखट नसलेली मिरची चिरून तिच्यात बटाट्याचे सारण भरतात आणि बेसनात बुडवून तळतात. तिखट सारणातच असते. आम्लपित्ताचा त्रास असेल, तर आतला बटाटा चाखावा आणि मिरची सोबत्याला द्यावी. मावा कचोरी हे वेगळेच प्रकरण आहे: खव्याने आणि सुक्यामेव्याने भरलेली, पाकात बुडवलेली. मधुमेही वाचकाने तिच्याकडे वळूच नये, असे मी म्हणणार नाही. एक चमचाभर तुकडा जेवणानंतर घेतला, तर जोधपूर पाहिल्याचे समाधान मिळते. मात्र ‘दुपारी कचोरी खायची आहे’ म्हणून सकाळची न्याहारी वगळण्याची जी सवय अनेकांना असते, ती ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी कटाक्षाने टाळावी. दुकानासमोर रांगेत उभे असताना साखर उतरणे हे साखर चढण्याहून तातडीचे संकट आहे. मखनिया लस्सी इतकी घट्ट की ती चमच्यानेच खावी लागते. वर लोण्याचा गोळा, आत वेलदोडा आणि केशर. कवळी असलेल्यांना याहून सुखाचा पदार्थ नाही. बर्फ घातलेला नसावा, एवढे पाहावे.

लस्सीवरून एक सावधगिरी. जैसलमेरच्या किल्ल्याजवळ भांगेचे परवानाधारक दुकान आहे आणि तेथे लस्सी, बिस्किटे या रूपांतही भांग मिळते. तरुण पर्यटक मौजेने घेतात. रक्तदाबाच्या, झोपेच्या किंवा मनोविकाराच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये. अनोळखी ठिकाणी लस्सी मागवण्यापूर्वी स्पष्ट विचारून घ्यावे. विचारल्याचा कोणी राग मानत नाही.

जैसलमेर ११५६ मधले, रावळ जैसल यांचे. पिवळ्या वालुकाश्माचा हा किल्ला २०१३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि त्याचे वेगळेपण असे की आत आजही लोक राहतात. धुणी वाळत असतात, मुले शाळेतून घरी येत असतात. गडीसर तलाव हा एके काळी या गावाचा मुख्य पाणवठा होता. त्याच्या काठी सकाळी बसावे. खाण्यातले येथील नाव म्हणजे घोटुआ लाडू: बेसनाची बुंदी घोटून मऊ केलेला, टाळूला लावला तरी विरघळणारा. दात नसलेल्यांना तो चालतो, आणि तेवढ्यासाठीच त्याच्याविषयी सावध असावे. मऊ पदार्थ किती खाल्ला गेला ते कळत नाही.

मला विचाराल तर जैसलमेरला लाडवाहून मोठी गोष्ट आहे ती केर-सांगरी. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी! दसऱ्याला जिची पूजा करून आपण पांडवांच्या शस्त्रांची गोष्ट मुलांना सांगतो, तेच हे झाड. वाळवंटात त्याच्या शेंगा अन्न, पाला जनावरांना चारा आणि सावली पिकाला आधार. या झाडांसाठी १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावी अमृतादेवी आणि त्यांच्यामागून बिश्नोई समाजातील लोकांनी प्राण दिले. मृतांची संख्या ३६३ सांगितली जाते. केर हे काटेरी, जवळजवळ निष्पर्ण झुडपाचे बोराहून लहान फळ. त्याचा कडवटपणा काढण्यासाठी ते ताकात किंवा मिठाच्या पाण्यात मुरवतात. या दोहोंत कुमटाच्या बिया आणि गुंदा मिसळला की पंचकुटा होतो. पाचवा घटक घराघरांत बदलतो, कोठे काचरी, कोठे सुकी लाल मिरची. गुंदा म्हणजे आपले भोकर, ज्याचे लोणचे आपल्या आजीने घातले असेल. ही भाजी तंतुमय, प्रथिने असलेली, बद्धकोष्ठतेला उपयुक्त. दोष एवढाच की टिकावी म्हणून ती तेलात पोहत असते. ताटात आली की कडेला थोडी तिरकी करून तेल निथळू द्यावे आणि बाजरीच्या भाकरीबरोबर खावी. सोबत राबडी मिळाली तर घ्यावी. दुधाची नव्हे, ताकात बाजरीचे पीठ आंबवून शिजवलेली. आंबील खाऊन वाढलेल्यांना तिची ओळख करून द्यावी लागणार नाही. रस्त्यावरच्या खाण्यात म्हाताऱ्या पोटाला इतके मानवणारे दुसरे काही मला आढळले नाही.

येथे थोडे सोबत जाणाऱ्यांशी बोलतो. आपल्या आईवडिलांना घेऊन निघालेला मुलगा किंवा सून प्रवासभर पहारेकऱ्याच्या भूमिकेत जाते. ‘ते नको, हे नको, साखर वाढेल.’ हेतू चांगलाच असतो. पण वय झालेल्या माणसाचे जेवण घरीही हळूहळू आकसत गेलेले असते: मीठ कमी, तिखट बंद, गोड बंद, दात नाहीत म्हणून भाकरी बंद. चव आणि वास यांची जाणीवही मंदावते. मग भूक कमी होते, वजन उतरते, आणि त्या अशक्तपणाला आपण ‘वय झाले’ असे नाव देतो. अशा माणसाला जोधपूरच्या गल्लीत उभे करून, समोर कढई असताना, डब्यातली मऊ खिचडी देणे मला क्रूर वाटते. खिचडी रात्री द्यावी. सकाळी चौथाई कचोरी द्यावी, आणि ती देताना चेहऱ्यावर उपकार नसावा. तुम्हीही त्यातलीच खावी. दिवसात तळलेले एकदाच, गोड एकदाच, आणि संध्याकाळी सातनंतर घरगुती साधे जेवण, एवढा करार निघण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी मान्य केला की वाटेत वाद होत नाहीत. ज्यांना घास गिळताना ठसका लागतो, त्यांच्यासाठी एक गोष्ट मात्र कराराबाहेरची: चुरमा, भुजिया असे कोरडे, भुरभुरीत पदार्थ चालताना किंवा बोलताना देऊ नयेत. बसवून, आधी पाण्याचा घोट, मग लहान घास.

भुजियाचे गाव म्हणजे बिकानेर. राव बिका यांनी १४८८ मध्ये वसवलेले हे शहर जोधपूरसारखे डोंगरावर नाही. जुनागड किल्लादेखील सपाट जमिनीवर आहे, म्हणून गुडघेदुखीच्या मंडळींना तिघांत हेच शहर सर्वांत सोयीचे. बिकानेरी भुजियाला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. तिचे पीठ प्रामुख्याने मोठचे, म्हणजे आपल्या मटकीचे. उसळ आणि मिसळ करणाऱ्या महाराष्ट्राने आणि शेव गाळणाऱ्या बिकानेरने एकाच कडधान्याचे किती वेगळे संसार मांडले! मटकी गुणी आहे, पण भुजियात ती मीठ आणि तेल घेऊन येते. पापडाचेही तसेच, त्यात मीठ तर असतेच, शिवाय खार असतो आणि तोही सोडियमचाच. रक्तदाब असणाऱ्यांनी दोन्ही एकाच दिवशी घेऊ नयेत. कवळीखाली भुजियाचे कण अडकून हिरडी सोलते, तेव्हा खाल्ल्यावर कवळी काढून धुवावी.

शहराबाहेर जोडबीड येथे १९८४ मध्ये स्थापन झालेले उंट संशोधन केंद्र आहे. तेथे सांडणीच्या दुधाचा चहा आणि कुल्फी मिळते. दूध किंचित खारट, हलके. ते प्यायल्याने मधुमेह बरा होतो, असे सांगणारे वाटेत भेटतील. या विषयावर बिकानेरमध्ये अभ्यास झालेले आहेत, परंतु ते लहान गटांवरचे आहेत. त्यांच्या भरवशावर इन्सुलिनचे एक युनिटही कमी करू नये. आणि वाळवंटात कोणी धारोष्ण दूध देऊ केले, तर नम्रपणे नकार द्यावा. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे दीर्घकाळ ताप आणणारे आजार होतात.

बिकानेरला संध्याकाळी जुन्या शहरात जावे. तेथील चौकाचौकांत मोठे लाकडी पाटे मांडलेले असतात, पलंगाहून रुंद. मोहता चौकात, आचार्यांच्या चौकात दिवेलागणीनंतर त्यांवर मोहल्ल्यातील वृद्ध येऊन बसतात. पत्ते, चौपड, राजकारण, कोणाच्या मुलीचे लग्न, कोणाची शस्त्रक्रिया. हिवाळ्यात कढईत आटवलेले गरम दूध जवळच मिळते. रात्री अकरापर्यंत ही बैठक चालते आणि तिला येण्यासाठी कोणी निमंत्रण देत नाही. बहुतेक पुरुषच असतात, ही उणीव डोळ्यांत भरते. आजीबाई घराच्या ओट्यावरून बोलणे चालू ठेवतात. परक्या माणसालाही पाट्यावर सरकून जागा मिळते. सोबत आलेल्या मुलाने अशा वेळी वडिलांना तेथे बसवून तासभर एकट्याने फिरून यावे. दिवसभर दुसऱ्याच्या गोळ्यांची वेळ सांभाळणाऱ्यालाही तो तास हवा असतो. पाटा जमिनीपासून बराच उंच असतो, उतरताना आधी पाय खाली टेकू द्यावेत, मिनिटभर थांबावे, मग उभे राहावे.

परतीच्या सॅकमध्ये भुजियाच्या चार पुड्यांऐवजी पाव किलो सुकी सांगरी आणावी. वजन काहीच नाही. घरी ती रात्रभर पाण्यात भिजवावी, तीन पाण्यांनी धुवावी आणि मऊ होईपर्यंत शिजवावी. दात नसणाऱ्यांसाठी शेंगा आधीच बारीक चिराव्यात. दोन चमचे तेलात जिरे, हिंग, धणेपूड, थोडे दही किंवा आमचूर. मीठ शेवटी, आणि तेथे खाल्ले होते त्याच्या निम्मे.